सभेसाठीं द्रव्य मागतांना

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यांत पर्यावरण मंडळाच्या वतीनें वाचलेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदांत पैशाची गोष्ट काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु बावखळांविषयीं एक सभा भरविण्याकरितां आमच्या लहानशा मंडळानें गेलीं दोन वर्षें जी खटपट केली, ती इतरांस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून आपणांपुढें मांडण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे.

बावखळ म्हणजे काय, हें वसईच्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नको. पण आमच्या मुलांपैकीं पुष्कळांनीं तें पाण्यानें तुडुंब भरलेलें पाहिलेंच नाहीं, म्हणून दोन शब्द सांगतों. वाडींत उतरत्या कांठांचें, न बांधलेलें असें हें रुंद तळें. पावसाचें पाणी त्यांत साठे, जमिनींत मुरे, आणि उन्हाळ्यांत रहाटानें वर येऊन केळी व पानवेली जगवी. गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें आमच्या किनाऱ्यालगतच्या भूमींत तें खाऱ्यावर थरासारखें तरंगत राहतें. वरून मुरणें थांबलें व खालून उपसा वाढला कीं खारें पाणी वर चढतें. म्हणून बावखळ बुजविणारा केवळ आपली जागा भरीत नसतो. तो शेजाऱ्याच्या विहिरींतहि मीठ घालीत असतो.

या विषयावर शेतकरी, विद्यार्थी व जाणकार यांची सभा घ्यावी असें ठरलें, आणि पहिला अर्ज एका कंपनीकडे गेला. त्यांत आम्हीं मंडप, ध्वनिक्षेपक, अल्पोपाहार, हारतुरे व कमान असा खर्च मांडला. शिवाय कमानीवर कंपनीचें नांव ठळक अक्षरांत घालूं, असें आश्वासनहि दिलें. चार महिन्यांनीं दोन ओळींचा नकार आला. आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे. पुढें एका जाणत्या हिशेबनिसानें कायदा समजावून दिला, तेव्हां तो ओसरला.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वयें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यास लावावयाचे असतात, आणि सातव्या अनुसूचींत पर्यावरणाचें संतुलन हा विषय स्पष्टपणें आला आहे. परंतु एकदांच होऊन संपणारे समारंभ या खर्चांत धरतां येणार नाहींत, असें सरकारी परिपत्रकानें २०१४ सालींच बजावलें होतें. आणि मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेला आश्रय २०२१ च्या सुधारित नियमांनीं वगळला. तसेंच १ एप्रिल २०२१ पासून असें काम हातीं घेणाऱ्या संस्थेस केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. म्हणजे आमची ती कमानच आमच्या अर्जास नडली!

मग आमच्यांतील एका तरुणानें परदेशाकडे बोट दाखविलें. १९१३ सालीं इंग्लंडांत स्थापन झालेली ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटी ही या शास्त्राची जगांतील सर्वांत जुनी संस्था. अशा संस्थांकडून साह्य मिळूं शकेल, ही कल्पना मोहक होती. परंतु विदेशी देणगीविषयींच्या २०१० च्या कायद्याप्रमाणें नोंदणी किंवा पूर्वपरवानगी वांचून आमच्यासारख्या मंडळास असा पैसा घेतां येत नाहीं. २०२० च्या दुरुस्तीनें तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेंतील खात्यांतच उतरावा लागतो, आणि एका संस्थेनें घेतलेली रक्कम दुसरीस देतां येत नाहीं. दुसऱ्या संस्थेच्या नांवावर रक्कम आणवून आपण खर्चावी, ही वाटहि त्यामुळें बंद झाली.

तिसरें दार जवळचें होतें, आणि नेहमींप्रमाणें तेंच आम्हांस शेवटीं दिसलें. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेस जैवविविधता समिति नेमावयाची आहे, आणि लोकांच्या विचारानें गांवच्या वनस्पति, प्राणी व पारंपरिक ज्ञान यांची नोंदवही तयार करणें हें त्या समितीचें मुख्य काम. आमच्या सभेनें त्या वहींत भर पडेल, असें दाखवितां आलें तर आमची मागणी याचना न राहतां सहकार्य ठरेल, हें तेव्हां ध्यानांत आलें.

दुसरा अर्ज लिहूं लागलों, आणि पहिल्याच प्रश्नाशीं अडलों. आपल्या धर्मग्रामांत बावखळें किती? कोणासहि सांगतां येईना. ज्या वस्तूच्या रक्षणार्थ आम्ही द्रव्य मागत होतों, ती आम्हीं कधीं मोजलीच नव्हती! तेव्हां रविवारीं मिस्सेनंतर मुलें व वृद्ध मंडळी बरोबर घेऊन आम्ही आळोआळीं फिरलों. जिवंत किती, गाळानें भरलेलीं किती, बुजलेलीं किती, पाणी गोडें कीं मचूळ, हें सर्व लिहून काढलें. आमचा पहिला अर्ज कंपनीच्या टेबलावर पडून असतां आमच्याच वाटेवरचें एक बावखळ मातीनें भरलें गेल्याचें त्या वेळीं कळलें. त्या जागेपुढें आम्ही बराच वेळ निमूट उभे होतों.

म्हणून जे कोणी अशी सभा भरवूं इच्छितात, त्यांस आमचें सांगणें थोडकें आहे. सभा संपल्यावर गांवांत काय उरेल, हें अर्जाच्या पहिल्या ओळींत लिहावें. मंडळाचें नांव नोंदलेलें असावें, खातें मंडळाच्याच नांवें असावें, आणि प्रत्येक खर्चास दरपत्रक जोडावें. आपला स्वतःचा वांटा अवश्य दाखवावा. विनामूल्य मिळालेलें सभागृह व स्वयंसेवकांचे श्रम हेहि द्रव्यच होय. मिळालेल्या पैचा हिशेब न मागतां द्यावा, कारण आपल्यामागून येणाऱ्या अर्जदाराची पत त्यावर अवलंबून असते.

दुसऱ्या अर्जाचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तथापि सभा पावसाळा संपतांच होईल. सभागृह धर्मग्रामानें दिलें आहे, फराळ प्रत्येक आळीनें वांटून घेतला आहे, आणि कमान मुळींच नाहीं. साह्य आलें तर तें गाळ उपसण्यास व पाणी तपासण्यास लागेल. न आलें तरी आमची यादी भिंतीवर लागेल, आणि तींतील एकहि नांव पुढील वर्षीं कमी होऊं नये, एवढें वचन आम्ही आपणां सर्वांपाशीं मागतों. त्यास कोणत्याहि सरकारची परवानगी लागत नाहीं.