पुढच्या चाकांनीं धांवणारी छोटी मोटार

मध्यमवर्गीय घरांत मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे त्या घरांत तीन पक्ष पडतात. वडिलांचा पक्ष पैशाचा व पेट्रोलचा, आईचा पक्ष सुरक्षिततेचा आणि बसण्या-उतरण्याच्या सोयीचा, व मुलाचा पक्ष वेगाचा. पहिले दोन पक्ष सहसा एक होतात आणि तिसऱ्याचें म्हणणें पोरकटपणाचें म्हणून निकालांत काढलें जातें. परंतु मोटारींचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास चाळून पाहिला तर असें दिसतें कीं, या तिघांचें समाधान एकाच गाडींत करण्याचा उद्योग मोठमोठ्या यंत्रज्ञांनीं केला आहे, आणि तो पुष्कळ अंशीं साधलाहि आहे. चार मीटरांच्या आंतली, पुढच्या चाकांनीं धांवणारी, बेताच्या किमतीची आणि तरीहि चपळ अशी मोटार ही कांहीं दिवास्वप्नांतली वस्तु नव्हे. मात्र ती निवडतांना नेमकें काय पाहावयाचें हें ठाऊक असलें पाहिजे.

प्रथम 'पुढच्या चाकांनीं धांवणारी' म्हणजे काय, याचा उलगडा केला पाहिजे. बैलगाडी बैल पुढून ओढतो. भाजीवाल्याची हातगाडी माणूस मागून ढकलतो. मोटारींतहि हे दोन प्रकार आहेत. अँबेसेडर आणि मुंबईस कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, या दोन्ही गाड्यांत एंजिन पुढें आणि जोर मात्र मागच्या चाकांवर, अशी रचना होती. एंजिनाची शक्ति मागच्या आंसापर्यंत नेण्यास गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा जाई आणि त्याला वाट म्हणून तळाच्या मधोमध उंचवटा ठेवावा लागे. मागच्या बाकावर मधें बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीकडे कां येत, याचें उत्तर त्या उंचवट्यांत आहे. पुढें १४ डिसेंबर १९८३ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें पहिल्या मारुति ८०० ची किल्ली तिच्या मालकाच्या हातीं पडली, आणि ७९६ घनसेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें एंजिन आडवें बसवून पुढच्याच चाकांना जोर देणारी गाडी भारतीय गृहस्थाच्या दारांत आली. लांब दांडा गेला, त्याचें वजन गेलें, उंचवटाहि जवळजवळ गेला. आणि एंजिनाचा भार ओढणाऱ्या चाकांवरच पडल्यामुळें ओल्या रस्त्यावर चाकांची पकडहि चांगली राहिली.

ही कल्पना जपानची किंवा भारताची नव्हे. तिचा खरा प्रसार इंग्लंडांत झाला, आणि तोहि अडचणीच्या काळांत. १९५६ सालीं सुवेझ कालव्याचा तंटा उपस्थित झाला आणि इंग्लंडांत पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनीं, थोड्या पेट्रोलवर चालणारी पण चार माणसें नीट नेणारी मोटार करण्याचें काम अलेक इसिगोनिस यांजकडे सोंपविलें. इसिगोनिस यांचा जन्म १९०६ सालीं स्मर्ना शहरीं झालेला. त्यांनीं एंजिन आडवें केलें, गिअरची पेटी त्याच्या खालीं घातली, अवघ्या दहा इंचांचीं चाकें घेतलीं आणि तीं गाडीच्या अगदी चार कोंपऱ्यांना नेऊन ठेविलीं. १९५९ सालीं निघालेली ही 'मिनी' लांबीनें जेमतेम दहा फूट होती, पण त्या लांबीपैकीं बहुतेक जागा माणसांच्या व सामानाच्या वांट्यास आली होती.

आतां गंमत अशी कीं, मिनीची चपळाई ही कोणीं मुद्दाम मागितलेली गोष्ट नव्हती. काटकसरीपायीं वजन कमी झालें, चाकें कोंपऱ्यांत गेलीं, गाडी जमिनीलगत आली. आणि या सर्वांचा परिणाम असा झाला कीं, वळणावर ती गाडी तिच्याहून दुप्पट किमतीच्या गाड्यांस मागें टाकूं लागली. शर्यतीच्या गाड्या बनविणारे जॉन कूपर यांच्या हें ध्यानांत आलें, आणि १९६१ सालीं मिनी कूपर निघाली. माँटे कार्लोच्या बर्फाळ घाटांतील प्रसिद्ध रॅली तिनें १९६४, १९६५ व १९६७ या सालीं जिंकली. १९६६ सालीं तर ती पहिली येऊनहि पुढच्या दिव्यांच्या एका नियमावर बोट ठेवून तिला बाद करण्यांत आलें! सांगावयाचें तात्पर्य एवढेंच कीं, जी गाडी किराणा आणावयास केली होती, तीच घाट जिंकून आली.

मिनीची रचना सर्वांनींच जशीच्या तशी उचलली नाहीं. इटलींत फियाटचे दांते जाकोसा यांनीं एंजिन व गिअरची पेटी एकाखालीं एक न ठेवतां एकमेकांशेजारीं ठेविली. १९६४ ची ऑटोबियांकी प्रिमुला आणि १९६९ ची फियाट १२८ या गाड्यांत ती मांडणी आली, आणि आज रस्त्यावरील बहुतेक छोट्या मोटारी तिच्याच वंशांतल्या आहेत. जर्मनींत १९७४ सालीं फोक्सवागननें गोल्फ काढली, आणि १९७६ सालीं तिची जीटीआय नांवाची बहीण विक्रीस आली. १५८८ घनसेंटिमीटरचें एंजिन, ११० अश्वशक्ति, आणि वजन सुमारें ८१० किलो. कंपनीचा आरंभींचा अंदाज पांच हजार गाड्या खपतील असा होता. त्या पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून अधिक खपल्या. कारण उघड होतें. सोमवार ते शुक्रवार ती कचेरींत जाई, मुलांना शाळेंत पोंचवी, मागचें दार उघडून तिच्यांत टेबल-खुर्च्याहि घालतां येत. आणि रविवारीं ती मोठ्या घराण्याच्या गाड्यांची बरोबरी करी. पण याच नांवाची गाडी २०२५ सालीं भारतांत आली ती सुमारें ५३ लाख रुपयांस! तेव्हां नांव एक असलें म्हणजे गुण व किंमत त्याच राहतात, असें समजूं नये.

जीटीआयच्या आंकड्यांत ग्राहकास उपयोगी पडणारी एक सोपी किल्ली दडलेली आहे. ११० अश्वशक्ति हा आंकडा मोठा नाहीं. ८१० किलो हा आंकडा लहान आहे, आणि खरें रहस्य त्यांत आहे. अश्वशक्तीला टनांतल्या वजनानें भागलें म्हणजे दर टनास सुमारें १३६ अश्वशक्ति येते. २०२४ सालीं भारतांत आलेल्या नव्या स्विफ्टचें हेंच गणित केलें, सुमारें ८२ अश्वशक्ति व सुमारें ९२० किलो वजन धरून, तर दर टनास ८९ येते. शहरांतल्या रोजच्या जाण्यायेण्यास एवढी पुरेशी आहे. घाटांत पांच माणसांनिशीं ट्रक ओलांडतांना ती तोकडी वाटेल. जाहिरातींत अश्वशक्ति ठळक अक्षरांत असते आणि वजन शोधावें लागतें. तें शोधावें.

भारतांत या गाड्यांच्या आकाराला कायद्यानेंहि वळण दिलें आहे. लांबी चार मीटरांच्या आंत व पेट्रोल एंजिन १२०० घनसेंटिमीटरांपर्यंत असेल तर कर कमी, हें धोरण २००६ पासूनचें. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के व त्या मर्यादेबाहेरील गाड्यांवर ४० टक्के वस्तु व सेवा कर ठरला. म्हणून चपळ गाडी हवी तर मोठें एंजिन घालण्याऐवजीं लहान एंजिनास टर्बो जोडण्याची युक्ति कारखानदारांनीं काढली. चाकणच्या कारखान्यांत २०२२ पर्यंत तयार होणाऱ्या पोलोच्या १२०० घनसेंटिमीटरांच्या आंतल्या टर्बो गाडीनें १०५ अश्वशक्ति दिली. २०२१ सालीं निघालेल्या ह्युंदाई आय-ट्वेंटी एन-लाइननें ९९८ घनसेंटिमीटरांतून १२० काढली. टर्बोचा फायदा असा कीं, एंजिन फारसें न ओरडतां खालच्या फेऱ्यांवरच जोर येतो. तोटा असा कीं, पाय जड असेल तर पेट्रोलची बचत कागदावरच राहते. त्यापूर्वी, २००१ सालीं, फियाटनें पालिओ नांवाची गाडी १६०० घनसेंटिमीटरांच्या एंजिनासह आणली होती. तिची एक खास आवृत्ति सचिन तेंडुलकरच्या नांवानें निघाली. रस्त्यावर ती खिळल्यासारखी बसे, अशी तिची वाखाणणी होई. पण पेट्रोल पंपावर तिचा मालक वाजवीपेक्षां अधिक वेळां दिसे, आणि मध्यमवर्गानें तें मनावर घेतलें.

येथपर्यंत पुढच्या चाकांचे गुण झाले. दोष सांगितल्यावांचून मात्र निवड करूं देणें योग्य नव्हे, कारण त्या दोषांशीं गांठ पडते ती दुकानांत नव्हे, पावसांत. अशा गाडींत ओढणें, वळणें आणि थांबण्याचा मोठा भार, हीं तिन्ही कामें पुढच्या दोन टायरांवर पडतात. एकाच गड्यास तिन्ही कामें एकदम सांगितलीं तर एक तरी बिघडणार. समजा, जुलई महिन्यांत एक तरुण कराडाहून चिपळुणास कुंभार्ली घाटानें उतरत आहे. शेजारीं आई, मागें वडील व बहीण. वळण वाटलें होतें त्याहून अधिक आंवळ निघतें. स्टिअरिंग फिरविलें तरी गाडी वळत नाहीं, सरळ कडेच्या कठड्याकडे जाऊं लागते. पुढच्या टायरांची पकड संपल्याची ही खूण. घाबरून तो ॲक्सलरेटरवरचा पाय एकदम उचलतो. वजन झटकन पुढें येतें, पुढच्या चाकांना पकड मिळते, पण मागचीं चाकें हलकीं होऊन शेपूट बाहेर फेंकली जाते. या दोन-तीन पळांतच पुढचें सारें ठरतें. योग्य उपाय वळणापूर्वींचा आहे: वेग सरळ रस्त्यावरच कमी करावा, आणि वळणांत पाय उचलावयाचाच झाला तर हळूहळू उचलावा.

म्हणूनच चपळ गाडी घेणाऱ्यानें मिश्रधातूचीं मोठीं चाकें, लाल धाग्याची शिवण आणि 'स्पोर्ट' असें लिहिलेली पट्टी यांवर पैसे खर्चण्याआधीं घसरण आवरणारी 'ईएससी' नांवाची यंत्रणा गाडींत आहे कीं नाहीं तें विचारावें. ही यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक आपल्या आपण लावून गाडीचें तोंड सरळ करते. २०२४ च्या स्विफ्टमध्यें ती व सहा एअरबॅगा सर्वांत स्वस्त प्रकारांतहि देण्यांत आल्या होत्या. सर्व कंपन्यांच्या सर्व प्रकारांत मात्र तसें असतेंच असें नाहीं. लाल शिवणीनें एंजिनाची शक्ति वाढत नाहीं, हें सांगण्याची वेळ यावी हेंच नवल. परंतु त्या शिवणीसाठीं चाळीस-पन्नास हजार अधिक मोजणारे लोक आहेत.

टायरांसंबंधीं एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून दोनच नवे घ्यावयाचे झाले तर ते पुढें बसवावेत असें वाटणें साहजिक आहे. टायर बनविणारे मात्र ते मागें बसवा असें सांगतात. पुढचें चाक घसरूं लागलें तर तें चालवणाऱ्याच्या हातांना कळतें आणि वेग कमी करून तें सांवरतां येतें. मागचें घसरलें तर सामान्य माणसास कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. याहून बरें म्हणजे दर आठ-दहा हजार किलोमीटरांस टायरांची अदलाबदल करावी, म्हणजे चारहि सारखे झिजतात. मोठ्या व्यासाच्या चाकांस पातळ कडेचे टायर लागतात. ते दिसावयास सुंदर, पण आपल्या रस्त्यांवरील एका खड्ड्यांत टायर व चाक दोन्हींचा निकाल लागूं शकतो. रोजच्या वापरास मधल्या प्रकाराची गाडी व जाड कडेचे टायर हेंच शहाणपणाचें.

पैसे कमी असतील तर जुनी गाडी घेण्यांत कमीपणा नाहीं. फक्त एक परीक्षा न चुकतां करावी. मोकळ्या मैदानांत स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवावी, मग दुसऱ्या बाजूस. पुढून 'कट् कट्' असा आवाज आला, तर चाकांना जोर पोंचविणारे सांधे झिजले आहेत असें समजावें. त्या सांध्यांवर रबराचें घडीदार टोपण असतें. तें फाटलें कीं आंतलें ग्रीस बाहेर जातें, धूळ व पाणी आंत जातें आणि सांधा मरतो. टोपण स्वस्त, सांधा महाग. विकणारा जर 'हा आवाज सर्वच गाड्यांना असतो' असें म्हणाला, तर त्याला नमस्कार करून निघावें.

नवी गाडी घेतांना दुकानाचा माणूस सपाट, रुंद रस्त्यावर दोघांनाच बसवून एक फेरी मारून आणतो. तेवढ्यावर समाधान मानूं नये. घरांतलीं सर्व माणसें बसवून फेरी मागावी. गर्दीच्या वेळीं क्लच पंधरा-वीस मिनिटें दाबत-सोडत राहिल्यावर डावा गुडघा काय म्हणतो तें पाहावें. नाहींच म्हणाला तर आपोआप गिअर बदलणारी गाडी पाहावी. आईनें मागच्या दारांतून दोनदां उतरून-चढून पाहावें. आणि शेवटीं, चाळीच्या जागीं झालेल्या नव्या इमारतींना असतो तसा तळघरांतला उभा चढ गांठावा. चढावर वजन मागें सरतें, ओढणारीं पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि भरलेली गाडी ओल्या फरशीवर जागच्या जागीं चाकें फिरवूं लागते. कोंकणांत मुरमाच्या अशाच चढावर जुने चालक गाडी वळवून उलट्या गिअरमध्यें वर नेत, म्हणजे ओढणारीं चाकें खालच्या बाजूस येऊन त्यांवर भार पडे. पुण्या-मुंबईच्या तळघरांत तसें वळावयास जागा नसते. म्हणून त्या चढावर, पांच माणसांनिशीं, मधेंच थांबून पुन्हा गाडी सुरू करून पाहावी. आणि त्यावेळीं स्टिअरिंग मुलाच्या हातीं व बयाण्याचे पैसे अजून वडिलांच्या खिशांत असावेत.