गाळपाच्या हिशेबात आधी कोयता मांडू या

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, साखर कारखान्यांचे संचालक, कार्यकारी संचालक आणि शेतकी अधिकारी, पुणे, अहिल्यानगर, कोल्हापूरकडून आलेले अभ्यासक, ऊस उत्पादक शेतकरी, मुकादम मंडळी आणि ऊसतोड कामगार माता-भगिनींनो, बंधूंनो,

संत नगद नारायण महाराजांच्या या पुण्यभूमीत, श्रीक्षेत्र नारायणगडावर, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. सारा परिसर या गडाला धाकटी पंढरी म्हणतो. संत भगवानबाबांची जडणघडण याच गडावर झाली आणि पुढे त्यांनी भगवानगड उभा केला. ऊस तोडायला राज्यभर आणि कर्नाटकापर्यंत जाणाऱ्या आमच्या माणसांची श्रद्धा या गडांशी बांधलेली आहे.

उत्पादन आणि क्षमता नियोजनाची परिषद इथे कशासाठी, असे काही पाहुण्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. गाळप हंगामाची तारीख मुंबईत मंत्री समिती ठरवते, गाळप परवाना पुण्याहून साखर आयुक्त देतात, तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचे शेतकी खाते आखते. पण ज्या हातांवर हे सारे नियोजन उभे राहते, ते हात बीड जिल्ह्यातून जातात. म्हणून नियोजनाची चर्चा एकदा तरी त्या हातांच्या गावी व्हावी, असा आमचा आग्रह होता. आपण तो मान्य केलात, याबद्दल स्वागत समिती आपली ऋणी आहे.

मित्रहो, आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामात त्याने गाळप सुरू केले, तेव्हा त्याची क्षमता रोज ५०० टनांची होती. आज रोज ५,००० टन गाळणारा कारखाना आपल्याला मोठा वाटत नाही. १०,००० टनांच्या पुढे गेलेले कारखानेही राज्यात आहेत. मिल, बॉयलर, पॅन, टर्बाइन सारे वाढले. कोयता मात्र होता तेवढाच राहिला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हा दिवसाला जेवढा ऊस तोडत असेल, आजही साधारण तेवढाच तोडते. दीड-दोन टन. यंत्राची क्षमता दहा-वीस पटींनी वाढवताना माणसाची क्षमता आपण गृहीत धरली. आपल्या नियोजनातली सगळ्यांत मोठी पोकळी मला इथे दिसते.

हिशेब करून पाहू. रोज ५,००० टन गाळणारा कारखाना १५० दिवस चालवायचा, तर साडेसात लाख टन ऊस हवा. हेक्टरी ७५ टन उत्पादन धरले तर १०,००० हेक्टर, म्हणजे रोज सुमारे ६७ हेक्टर रान मोकळे झाले पाहिजे. सगळा ऊस हाताने तोडायचा आणि कोयत्यामागे दोन टन धरायचे, तर रोज २,५०० कोयते फडात उभे हवेत. त्यातले ३०० कोयते आजारपणाने, पावसाने किंवा गावाकडच्या अडचणीने आले नाहीत, की ६०० टन ऊस कमी. तासाला २०८ टन गाळणारी मिल जवळजवळ तीन तास रिकामी. ऊस मिलकडे नेणारी गव्हाण मोकळी फिरते, कारखाना ‘नो केन’मध्ये जातो आणि बॉयलर नुसता तापत राहतो.

व्यवस्थापनतज्ज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ मध्ये ‘द गोल’ या कादंबरीतून जगभरच्या कारखानदारांना एक गोष्ट पटवून दिली. कारखान्याचा वेग त्याच्या सर्वांत वेगवान यंत्रावर ठरत नाही, सर्वांत अरुंद जागेवर ठरतो. गडावर पंगत बसते तेव्हा आमचे आचारी हेच जाणतात. कढया कितीही मोठ्या असल्या तरी वाढपी जेवढे, तेवढीच पंगत उठते. साखर कारखान्याची अरुंद जागा मिलमध्ये नाही, फडात आहे. तरीही क्षमतावाढीचे प्रस्ताव येतात ते मिलचे, बॉयलरचे आणि आता इथेनॉलच्या प्रकल्पांचे. फडात माणूस कुठून येणार, त्याला झेपेल किती, याचे पान त्या प्रस्तावात क्वचितच असते.

नियोजन चुकले की किंमत कोण मोजतो, हे आपण २०२१-२२ च्या हंगामात पाहिले. सलग चांगला पाऊस झाला, जायकवाडी आणि माजलगाव धरणांचे पाणी मिळाले, मराठवाड्यात ऊस वाढला. राज्याने त्या हंगामात १,३२२ लाख टन ऊस गाळला, १३७ लाख टन साखर केली, दोन्ही विक्रम. पण हंगाम जूनपर्यंत रेटावा लागला. मे महिन्याच्या उन्हात ऊस उभा होता, वजन आणि साखर उतारा घटत होता आणि कोयते गावाकडे परतू लागले होते. सरकारला ५० किलोमीटरच्या पुढे वाहून नेलेल्या उसाला टनामागे किलोमीटरला ५ रुपये आणि १ मेनंतर गाळलेल्या उसाला उताराघटीपोटी टनाला २०० रुपये अनुदान द्यावे लागले. त्याच मे महिन्यात, आपल्याच गेवराई तालुक्यात, ऊस तुटत नाही म्हणून एका शेतकऱ्याने आपले जीवन संपवले. तीन वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, गाळप ८५० लाख टनांच्या आसपास उतरले आणि कारखान्यांची धुराडी लवकर थंडावली. एकदा ऊस उरतो, एकदा कारखाना उपाशी राहतो. पाऊस आपल्या हातात नाही. पण आडसाली ऊस तुटण्याआधी दीड वर्ष रानात असतो, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिने, सुरू बारा महिने. उद्या किती ऊस येणार हे ज्या धंद्याला एक वर्ष आधी दिसते, त्याने हंगामाच्या तोंडावर धावपळ का करावी?

आता मी ज्या माता-भगिनींचे नाव सुरुवातीला घेतले, त्यांच्याविषयी. आमच्याकडे कामावर न जाण्याला खाडा म्हणतात. खाडा पडला की मजुरी बुडते, वर दंड लागतो आणि आगाऊ घेतलेली उचल अंगावर राहते. पहाटे तीन-चारला फडात उतरायचे, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची, आणि पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा आमदार नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. हा आरोग्याचा प्रश्न आहेच. मी तो या व्यासपीठावर मांडतो, कारण तो क्षमता नियोजनाचाही प्रश्न आहे. यंत्राला देखभालीसाठी थांबा लागतो, हे प्रत्येक अभियंता धरूनच चालतो. तोच थांबा माणसाच्या वाट्याला ठेवला नाही, तर नियोजनाची तूट बाईच्या शरीरातून वसूल होते.

आणि हा थांबा ठेवणे अशक्य नाही. आठवड्याला एक दिवस हक्काची सुट्टी धरली, तर मघाच्या उदाहरणात २,५०० कोयत्यांऐवजी सुमारे २,९०० कोयत्यांशी करार करावे लागतील. खर्च वाढेल, पण तो आधी दिसेल आणि मांडता येईल. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. कोयते कमी पडले की दर वाढणारच. मग ती वाढ नियोजनातून, सन्मानाने का होऊ नये?

यंत्रांचेही आम्ही स्वागत करतो. ऊसतोडणी यंत्राला ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदानाची योजना शासनाने आणली. पण यंत्र फडात शिरायचे तर लागवडीच्या वेळीच सरीतले अंतर चार-पाच फूट हवे, आणि एक-दोन एकरांचे तुकडे असणाऱ्यांनी एकत्र लागवड ठरवायला हवी. म्हणजे तोडणीचे नियोजन लागणीच्या दिवशी सुरू होते. ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये सरकार आणि साखर उद्योगाने २००७ साली ऊस जाळून तोडणे थांबवण्याचा करार केला, आणि यंत्रे झपाट्याने आली. आपल्याकडे ती येतील तेव्हा चालक, मेकॅनिक आणि वाहतूक नियोजक आमच्या कोयत्यांच्या घरातली मुले असावीत, अशी मागणी मी आजच नोंदवतो.

या परिषदेने चार गोष्टींवर ठराव करावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे. लागण नोंदणीच्या तारखेनुसार तोडणीचा क्रम ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, म्हणजे आपली पाळी कधी हे प्रत्येक शेतकऱ्याला कळेल. शेजारच्या कारखान्यांनी नोंदलेला ऊस आणि ठरलेले कोयते यांची माहिती हंगामाआधी एकमेकांना द्यावी. काट्यावर गाडी किती वेळ उभी राहते याची रोज नोंद व्हावी, कारण तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला नाही तर वजन आणि साखर दोन्ही गमावतात. आणि प्रत्येक कारखान्याने परवान्याच्या अर्जासोबत कोयत्यांचे नियोजन द्यावे, त्यात साप्ताहिक सुट्टी आणि दवाखान्याची सोय मांडलेली असावी. शासनाने लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले आहे, संत भगवानबाबांच्या नावाने कोयत्यांच्या मुलांसाठी वसतिगृहे आहेत. त्यांचेही वेळापत्रक गाळपाच्या वेळापत्रकाशी जोडले गेले, तर आई-बाप फडावर जातील त्या दिवशी मूल वसतिगृहात पोहोचलेले असेल.

गडावरची व्यवस्था साधी आहे. राहण्या-जेवणात काही उणे राहिले तर ते आमच्या पदरी घ्यावे. दोन दिवसांच्या चर्चेत मात्र उणे राहू देऊ नका. प्रत्येक सत्रात एक खुर्ची ऊसतोड कामगारासाठी आणि एक ऊस उत्पादकासाठी ठेवली आहे. सत्राध्यक्षांनी पहिला शब्द त्यांना द्यावा आणि नंतरच आकडे मांडावेत, एवढी विनंती करून मी उद्घाटकांना परिषदेचे उद्घाटन करण्याची विनंती करतो.

जय जवान, जय किसान, जय कष्टकरी.