घास मुलाचा, हात मुलाचा
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



दीड-दोन वर्षांचे मूल जेवत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मग आई वाटी घेऊन अंगणभर त्याच्यामागे फिरते, आजी काऊ-चिऊ दाखविते, अलीकडे मोबाइलही पुढे केला जातो. उपाय वाढतात, तसतशी तक्रारही वाढते. वास्तविक येथे उपाय कमी करण्याचीच गरज असते.

जन्मतः तीन किलो वजनाचे बालक वर्षअखेर सुमारे नऊ किलोंचे होते. दुसऱ्या वर्षी मात्र जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढीचा वेग मंदावतो, म्हणून भूकही मंदावते. हे ध्यानात न घेता घास कोंबला, की मूल तोंड मिटून घेते आणि जेवण हा रोजचा झगडा होऊन बसतो. काय वाढावे आणि केव्हा वाढावे, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खावे, हे मुलाच्या भुकेवर सोपवावे. अर्ध्या तासाने न रागावता ताट उचलावे. मधल्या वेळी बिस्किटांचा खुराक देऊ नये. आरंभी सांडलवंड होईल. परंतु त्यातूनच हाताला वळण लागेल.

शिक्षणातही हेच तत्त्व लागू पडते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे हा विचार आदिवासी मुलांपर्यंत नेला. मुलाचे काम मुलाला करू द्यावे, शिक्षकाने लक्षपूर्वक पाहावे आणि मूल अडले तरच साहाय्य करावे, हा या विचाराचा गाभा होय. दप्तर भरणे, बटणे लावणे, गृहपाठ पुरा करणे ही कामे वडीलधारी मंडळीच उरकीत असतील, तर मूल परावलंबी झाल्याचा दोष मुलाला कसा देता येईल?

अर्थात कमी करणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. विहीर, चूल व औषधे यांपासून मुलास जपलेच पाहिजे. लसीकरण चुकवू नये. अंगणवाडीत नियमित वजन करून घ्यावे. वजन घटत असेल, वाढेनासे झाले असेल किंवा मूल मलूल दिसत असेल, तर विनाविलंब डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

या मर्यादा सांभाळून पालकांनी नजर जागी ठेवावी व हात मागे घ्यावा. मुलाचे पाऊल त्यामुळेच पुढे पडेल.