सोळा पॅड, सोळा मात्रा



मी मंचावर इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवते हे कळल्यावर तुमच्यापैकी अनेकांनी विचारलं, "यंत्रच वाजतं, मग तू काय करतेस?" प्रश्न रास्त आहे.

माझं वाद्य म्हणजे सॅम्पलर. रॉजर लिन यांनी आकाय कंपनीसाठी रचलेला एमपीसी ६० हा सॅम्पलर १९८८ साली आला. त्यावर चार ओळींत सोळा पॅड होते. ती मांडणी आजही चालते. एकेका पॅडवर एकेक आवाज साठवायचा: डग्ग्याचा घुमारा, कुकरची शिट्टी, अगदी शाळेची घंटासुद्धा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर सोळा मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांत पुरं होतं. तेवढ्यात जे वाजवू, ते यंत्र फिरवत राहतं. हाच लूप.

अनपेक्षित ठोका पडला, तर आठ सेकंदांनी तो पुन्हा येणार. तोवर ठरवायचं: पुसायचा, की त्याच्याभोवती नवी लय बांधायची? थरावर थर चढवणं सोपं असतं. भरल्या सभागृहात सगळे थर बंद करून शांतता सोसायची आणि नेमकं समेवर परतायचं, हे कुठलंही यंत्र सांगत नाही.

ऑफिसात माझा दिवस इतरांच्या मुदतींवर चालतो. ही आठ सेकंदं मात्र माझी असतात. चाळिशी उलटल्यावर एवढी मोकळीक मिळणं सोपं नाही.

टाळी आणि खाली हातावर मोजायला आपल्याला याच शाळेने शिकवलं. तुमचीही पेटी माळ्यावर पडली असेल, तर खाली काढा. पुढच्या मेळाव्यात एकत्र वाजवू.