तुझा संच कोणता?

शिष्यवृत्ती परीक्षेचा पेपर सुटला, की पेण असो वा रोहा, केंद्राच्या फाटकाबाहेर एकच गलका उठतो. “बाराव्याचं काय लिहिलंस?” “दोन.” “अरे, माझं तर चार!” आणि एकाचं तोंड उतरतं. खरं तर आधी विचारायला हवं, तुझा संच कोणता? अ, ब, क, ड अशा संचांत प्रश्नांचा क्रम बदललेला असतो. एकाचा बारावा तो दुसऱ्याचा बारावा नसतोच.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा 2016-17 पासून काही वर्षं चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला होत असे. पहिल्या पेपरात 75 प्रश्न, त्यांतले 25 प्रथम भाषेचे. खरी वादावादी होते ती इथल्या उताऱ्यावर. गणिताचं उत्तर कागदावर पुन्हा करून पाहता येतं. उताऱ्याला योग्य शीर्षक कोणतं, हे कसं पडताळणार? तिथे उतारा परत वाचावाच लागतो, आणि घरी जायच्या घाईत तेवढा धीर कुणाला!

आठवीची गंमत आणखी वेगळी होती. तिथे काही प्रश्नांना, जास्तीत जास्त 20 टक्क्यांना, दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही नोंदवावे लागत. म्हणजे एकाने फक्त पर्याय दोन, दुसऱ्याने फक्त पर्याय चार रंगवला, तर भांडणारे दोघेही गुणाला मुकले!

पुढे परिषद संकेतस्थळावर अंतरिम उत्तरसूची देते. त्यावर पालक, शिक्षक आक्षेप नोंदवू शकतात; ते तपासून अंतिम सूची लागते. निकाल तिच्यावरच ठरतो.