फिरस्त्यांच्या मुलखात जाताना पुस्तक कोणतं घ्यावं?

जोतिबाच्या नावानं चांगभलं! वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

आपल्या गटांच्या सहली निघतात त्या पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर, नाहीतर कोकण. यंदा आमच्या बैठकीत लडाखचं नाव निघालं. त्यातही लेहच्या पलीकडचा चांगथांगचा भाग पाहायचा, असं तरुण सुनांनी लावून धरलं. तिथं चांगपा नावाचे पशुपालक राहतात. याकच्या केसांच्या काळ्या तंबूत मुक्काम करायचा आणि शेळ्या-मेंढ्या घेऊन चाऱ्यामागं हलायचं, असं त्यांचं वर्ष जातं. पश्मिना शाल होते ती त्यांच्याच शेळ्यांच्या अंगावरच्या मऊ लोकरीची. पैसे भरण्याआधी माहितीचं एक चांगलं पुस्तक घ्यायचं ठरलं. कोणतं घ्यावं, यावर आमच्या दोन बैठका गेल्या. त्यातून जे हाती आलं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, पुस्तकापुस्तकांत फरक असतो. मीना प्रभूंचं ‘वाट तिबेटची’ हे प्रवासवर्णन. लेखिकेनं काय पाहिलं, तिला काय वाटलं, ते त्यात असतं. वाचून जायची इच्छा होते, पण बस कुठून सुटते हे विचारायला ते पुस्तक नव्हे. दुसरं, प्रवासी कंपनीचं रंगीत पत्रक. ते सहल विकण्यासाठी छापलेलं असतं. तिसरी ती मार्गदर्शिका. तिच्यात रस्ते, अंतरं, हवामान, मुक्काम आणि धोके असायला हवेत. आपल्याला ही तिसरी हवी.

आता फिरस्त्यांच्या मुलखाची अडचण समजून घ्या. आपल्याकडं मेंढ्या बसवायला धनगर येतात. आज त्यांचा वाडा या रानात, चार दिवसांनी दुसऱ्या शिवारात. तो नकाशावर सापडत नाही, शेजारच्या रानात विचारावं लागतं. चांगथांगात विचारायला शेजारचं रानही नाही. तिकडं मंगोलिया देश आहे, तिथंही असेच पशुपालक. तो देश महाराष्ट्राच्या पाचपट मोठा, आणि माणसं सगळी मिळून ३५ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात ३८ लाखांहून जास्त माणसं मोजली. म्हणजे अशा मुलखात माणूस भेटायलाच तासन्‌तास लागतात. म्हणून अमुक ठिकाणी तंबू दिसतीलच, असं छातीठोक सांगणाऱ्या पुस्तकावर आम्ही विश्वास ठेवला नाही. तंबू हलतो. डोंगराची उंची, पाण्याची जागा, थंडीचे महिने आणि पाहुण्यानं वागायची रीत मात्र हलत नाही. ते नीट सांगतं ते पुस्तक कामाचं.

दुकानात पुस्तक हातात घेतलं की आधी आवृत्तीचं साल बघा. लडाख ३१ ऑक्टोबर २०१९ ला केंद्रशासित प्रदेश झाला. पुस्तकात तो अजून जम्मू-काश्मीर राज्याचा भाग असेल, तर मजकूर त्याआधीचा समजा. त्यातला इतिहास चालेल, भाडी आणि परवान्यांचे नियम चालणार नाहीत. तसे हे नियम नव्या पुस्तकातही जुने होतात. निघण्याआठवड्यात फोन करून विचारावेत.

मग आपल्या गावची परीक्षा घ्या. सगळ्या भारताचं पुस्तक असेल तर आधी कोल्हापूरचं पान उघडा. जोतिबाचा वार रविवार, हे त्यात आहे का? माघातले खेटे त्यांना ठाऊक आहेत का? कोल्हापूरपासून डोंगर १८-२० किलोमीटर, एवढंच लिहिलंय, की चैत्र यात्रेत गाडी लांब लावून चालत यावं लागतं, हेही सांगितलंय? आपल्या दारची माहिती ज्यानं नीट घेतली, त्यानं लांबचीही घेतली असण्याचा संभव जास्त. अंतर किलोमीटरबरोबर तासांतही दिलंय का, हेही बघा. डोंगरात किलोमीटरवरून काहीच कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपला डोंगर समुद्रसपाटीपासून साधारण ३ हजार फूट. लेह साडेअकरा हजार फूट, आणि चांगथांगातली सरोवरं १४ ते १५ हजार फुटांवर. तिथं हवा विरळ असते. डोकं दुखतं, मळमळतं, धाप लागते, झोप लागत नाही. त्रास वाढत गेला तर खाली उतरणं हाच उपाय, नाहीतर जिवावर बेततं. विमानानं गेल्यास लेहमध्ये पहिले दोन दिवस तरी विश्रांती हवी. एका पत्रकात आम्हाला दुसऱ्याच दिवशी उंच खिंडीत नेण्याचा बेत दिसला. उंचीच्या त्रासाबद्दल त्यात एक ओळ नव्हती. आम्ही जे पुस्तक निवडलं, त्यात हा विषय सुरुवातीलाच आहे आणि प्रत्येक मुक्कामापुढं उंची लिहिली आहे.

आमच्या गटात एक मावशी साठीच्या, रक्तदाबाची गोळी रोज. ते पान त्यांना वाचून दाखवलं. कुणी म्हणालं, उगाच घाबरवू नका. पण गटाच्या पैशानं जायचं, तर जबाबदारीही गटाची. मावशी डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टरांनी सरोवरांकडं जायला मनाई केली. मावशींना वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. शेवटी ठरलं की चांगथांगचा मुक्काम यंदा ज्यांना डॉक्टरांनी परवानगी दिली त्यांनीच करायचा, आणि मावशींना धरून सगळ्यांची वेगळी सहल दिवाळीनंतर कमी उंचीच्या ठिकाणी काढायची. उंचीचं ते पान नसतं तर मावशी आमच्याबरोबर निघाल्या असत्या.

बायकांचे प्रश्न पुस्तकात आहेत का, हेही बघा. वाटेत शौचालय किती तासांनी? पाळी आली तर पाणी, कपडा, कचरा यांचं काय करायचं? रात्री तंबूत थंडी किती? खूप पुस्तकांत घाटाचं वर्णन चार पानं आणि यावर एक ओळही नाही.

आणखी एक. यजमानांबद्दल पुस्तक काय बोलतं? आपण डोंगरावरच्या बायका नारळ, गुलाल, दवणा विकतो, भाविकांना खोल्या देतो. न विचारता म्हाताऱ्या सासूबाईंचा फोटो काढणारे पाहुणे आपण रोज बघतो. चांगपांकडं आपणच ते पाहुणे असणार. तंबूजवळ थेट जायचं नाही, लांबूनच हाक द्यायची, कारण राखणीचं कुत्रं असतं. धनगराच्या वाड्यावरही आपण हेच करतो. भेटल्यावर ‘जुले’ म्हणायचं. नमस्कारही तोच आणि आभारही तेच. लोणी-मिठाचा चहा समोर आला तर घोटभर तरी घ्यायचा. हे सांगणारं पुस्तक चांगलं. हे लोक हजार वर्षांपूर्वीसारखेच जगतात, असं लिहिणारं बाजूला ठेवा. त्यांचीही मुलं शाळेत जातात, आणि बरीच कुटुंबं लेहजवळ येऊन स्थिरावली आहेत.

खर्चाचं सांगतो. सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक घ्या. त्याआधी वाचनालयात चाळून बघा. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. पुस्तक इंग्रजी असेल तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला बैठकीत वाचून मराठीत सांगायला लावा. लागणारी पानं वहीत उतरवून घ्या. फोनच्या भरवशावर राहू नका. आपली प्रीपेड सिमकार्डं लडाखात चालत नाहीत, आणि चांगथांगात बऱ्याच ठिकाणी रेंजच नसते.

तुमचा गट कुठं निघाला असेल, तर पुढच्या बैठकीत पुस्तक मधे ठेवा आणि हे प्रश्न एकेक करून विचारा. ज्यांची तब्येत नाजूक आहे, त्यांच्यासाठीचं पान सगळ्यात आधी वाचा. चांगभलं!