बिघडलेला लाऊडस्पीकर



शाळेच्या माळ्यावर किंवा देवळाच्या ओसरीवर लाऊडस्पीकरची एखादी जुनी लाकडी पेटी असते. वर्षानुवर्षे ती इमानाने बोलते आणि नेमका झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी तिचा घसा बसतो. मग घाईघाईने पेटी तालुक्याला जाते. दुकानदार म्हणतो, "जुना माल आहे, नवाच घ्या!" बरी होणारी पेटी अशी भंगारात जाते. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी दुखणे कुठे आहे, हे आपणच पाहावे.

लाऊडस्पीकरची रचना साधी आहे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन तंत्रज्ञांनी १९२५ साली जी पद्धत मांडली, तीच आजही बहुतेक पेट्यांत असते. लोहचुंबकाच्या अरुंद फटीत बारीक तारेचे वेटोळे असते व ते कागदी शंकूला चिकटवलेले असते. तारेतून वीज खेळली की वेटोळे मागेपुढे हलते, शंकू हवेला ढकलतो आणि आवाज उमटतो.

आता परीक्षा. दोन पेट्या असतील, तर अँप्लिफायर बंद करून पेट्यांपाशी तारांची अदलाबदल करा. तीच पेटी मुकी राहिली, तर दोष तिच्यात. दुसरी मुकी झाली, तर दोष तारेत नाहीतर अँप्लिफायरमध्ये. मात्र अँप्लिफायर उघडू नका. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रात बटण बंद केल्यावरही जबर धक्का बसू शकतो.

एकच पेटी असेल, तर बाहेरच्या तारा सोडवून आतल्या मोठ्या स्पीकरच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. 'खट्' असे वाजले, तर वेटोळे अखंड आहे. मीटर असेल, तर ८ ओहमच्या स्पीकरवर साधारण ६ ते ७ ओहम दिसतात. काटा जागचा हललाच नाही, तर तार कुठेतरी तुटली आहे. पुष्कळदा ती टोकापाशीच तुटलेली असते आणि एका डाखाने काम भागते.

शंकू दोन्ही बाजूंनी सारखा, हलक्या हाताने दाबून पाहा. आत खरखर लागली, तर वेटोळे फटीत घासते आहे. आवाज फरफरत असेल, तर कागद फाटला असेल किंवा कडेच्या स्पंजाचे पीठ झाले असेल. कड नवी बसवता येते. शंकू आणि वेटोळेही नवे घालता येते; चुंबक आणि सांगाडा बहुधा जुनाच चालतो.

दुकानात जाताना "बिघडलाय, बघा" एवढेच म्हणू नका. काय होते, केव्हा होते आणि आपण काय तपासले, हे कागदावर लिहून द्या. स्पीकरच्या पाठीवर आपली खूण करा. खर्चाचा अंदाज आधी विचारा. शंकू बदलणार की अख्खा स्पीकर, तेही विचारा. काढलेले भाग परत मागा. पेटी तिथेच मोठ्या आवाजात वाजवून घ्या आणि पावतीवर झालेले काम लिहून घ्या. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही, उलट त्याचा वेळ वाचतो.

गुरुजींनी सेलची ही परीक्षा वर्गात जरूर करून दाखवावी. मुले पेटीतली खूण ओळखतील, आणि पुढच्या वेळी दुकानदारासमोर गावाला मुकाट्याने उभे राहावे लागणार नाही.